कारण सापडले नाही, म्हणून आई दोषी?

५ जून २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने कॅथलीन फॉलबिग यांना बिनशर्त माफी दिली आणि त्याच दिवशी त्या तुरुंगातून बाहेर आल्या. तोवर त्यांची वीस वर्षे गजाआड गेली होती. पोटच्या चारही लेकरांचा जीव घेतल्याचा ठपका त्यांच्यावर होता. इतकी क्रूर बाई देशाने पाहिली नाही, असे तिथली वृत्तपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली होती. त्याच वर्षी १४ डिसेंबरला अपील न्यायालयाने त्यांच्यावरील सगळे गुन्हे रद्द केले.

निरपराध माणसाला शिक्षा झाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. बहुतेक वेळा त्यात गुन्हा एकाने केलेला असतो आणि पकडला जातो दुसराच. साक्षीदाराची ओळख चुकते, कबुलीजबाब मारून घेतलेला असतो किंवा पोलिसांना घाई झालेली असते. पुढे खरा गुन्हेगार सापडतो किंवा डीएनए जुळत नाही आणि आतला माणूस सुटतो. फॉलबिग यांचे प्रकरण वेगळे होते. त्यात दुसरा गुन्हेगार सापडला नाही, कारण मुळात खून झालाच नसावा. आजाराने गेलेल्या मुलांच्या मृत्यूला न्यायव्यवस्थेने खून ठरवले होते आणि त्या चुकीला वैद्यकशास्त्राची साक्ष जोडलेली होती.

असे एकदाच घडलेले नाही. ब्रिटनमध्ये आणि नेदरलँड्समध्येही त्याच सुमारास जवळजवळ याच वाटेने बायका तुरुंगात गेल्या. म्हणूनच हे नेमके कसे घडते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

चार मृत्यू आणि एक रोजनिशी

फॉलबिग यांचा पहिला मुलगा फेब्रुवारी १९८९ मध्ये गेला, जेमतेम १९ दिवसांचा असताना. त्याच्या स्वरयंत्राचा भाग मऊ असल्याने श्वास घेताना त्याला त्रास होत असे. दुसरा मुलगा चार महिन्यांचा असताना एका रात्री अचानक निपचित पडलेला आढळला. तेव्हा तो वाचला, पण पुढे त्याला आकडी येऊ लागली, दृष्टीही गेली. फेब्रुवारी १९९१ मध्ये, आठ महिन्यांचा असताना तो दगावला. तिसरी मुलगी. ती ऑगस्ट १९९३ मध्ये दहा महिन्यांची होऊन गेली. त्या दिवसांत ती आजारी होती. चौथी मुलगी दीड वर्ष जगली आणि मार्च १९९९ मध्ये तिचाही झोपेतच मृत्यू झाला. तिच्या शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा दाह, म्हणजे मायोकार्डायटिस दिसला होता.

त्या त्या वेळी डॉक्टरांनी नोंदवलेली कारणेही वेगवेगळी होती. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाच्या नोंदीत अचानक बालमृत्यू असे लिहिले होते. दुसऱ्याचा मृत्यू आकडीशी जोडला गेला. चौथ्या मुलीच्या बाबतीत मृत्यूचे कारण अनिश्चित असा शेरा पडला. गुदमरवल्याचे सिद्ध होईल अशी निर्णायक खूण एकाही मुलाच्या अंगावर नव्हती.

चौथ्या मृत्यूनंतर मात्र पोलिसांनी चारही मृत्यू एकत्र पाहायला सुरुवात केली. दरम्यान, विभक्त झालेल्या पतीला घरात फॉलबिग यांची रोजनिशी सापडली आणि ती त्याने पोलिसांकडे दिली. तिच्यात त्यांनी आपण चांगली आई ठरलो नाही, आपला संयम सुटतो, मुले गेली यात आपलाच दोष आहे, अशा आशयाचे लिहिले होते. मुलांना मारल्याचे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. मूल गमावलेली आई स्वतःला बोल लावते, हे कुठल्याही घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. सरकारी पक्षाने मात्र त्या ओळी कबुलीसारख्या वाचून दाखवल्या.

२००३ मध्ये सिडनीत खटला चालला. एकाच घरात चार मुले नैसर्गिक कारणाने गेल्याचे उदाहरण आपल्या पाहण्यात किंवा वाचनात नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले. सरकारी वकिलांनी तर हे पंख असलेली डुकराची पिल्ले जन्मण्यासारखे असल्याचे ज्यूरीपुढे मांडले. मे २००३ मध्ये ज्यूरीने तीन मुलांच्या बाबतीत खून आणि पहिल्या मुलाच्या बाबतीत सदोष मनुष्यवध, असा निकाल दिला. शिक्षा झाली चाळीस वर्षांची. पुढे २००५ मध्ये अपिलात ती तीस वर्षांवर आली.

७ कोटी ३० लाखांत एक

या निकालामागचा विचार त्या काळात हवेतच होता. अचानक गेलेले एक बाळ हे दुर्दैव, दुसरे गेले तर संशय आणि तिसरे गेले तर वेगळा पुरावा मिळेपर्यंत तो खूनच, असे एक सूत्र बालरोगतज्ज्ञांच्या वर्तुळात रूढ झाले होते. ते ब्रिटनचे नामांकित बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांच्या नावाने ओळखले जाते.

१९९९ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथील न्यायालयात मेडो साक्षीला उभे राहिले. आरोपी होत्या सॅली क्लार्क, पेशाने वकील. त्यांचा पहिला मुलगा ११ आठवड्यांचा असताना डिसेंबर १९९६ मध्ये आणि दुसरा ८ आठवड्यांचा असताना जानेवारी १९९८ मध्ये गेला होता. मेडो यांनी ज्यूरीला एक हिशेब सांगितला. क्लार्क यांच्यासारख्या सुस्थितीतील, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. मग अशा घरात दोन बाळे जाण्याची शक्यता किती? ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. ब्रिटनमधील जन्मांचे प्रमाण पाहता शंभर वर्षांत एखाद्या वेळी घडेल अशी ही गोष्ट असल्याचेही त्यांनी सांगितले. सॅली क्लार्क यांना जन्मठेप झाली.

या गणितात दोन मोठ्या चुका होत्या आणि दोन्ही शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गणितातल्या आहेत.

पहिली चूक गुणाकाराची. दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नसेल, तरच त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करता येतो. नाणे दोनदा उडवले तर पहिल्या वेळच्या छाप्याचा दुसऱ्या वेळेवर परिणाम होत नाही. पण सख्ख्या भावंडांची जनुके एकाच आईवडिलांकडून आलेली असतात, घर तेच असते, हवाही तीच. एका मुलाला ज्या कारणाने मृत्यू आला, ते कारण दुसऱ्यातही असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. त्यामुळे हा गुणाकार करण्याला आधारच नव्हता.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. समजा, एखाद्याला लॉटरीचे पहिले बक्षीस लागले. ते लागण्याची शक्यता कोटीत एक होती. म्हणून त्याने फसवणूक केल्याची शक्यता जवळपास शंभर टक्के, असे कोणी म्हणेल का? एखादी घटना विरळा आहे, एवढ्यावरून तिच्यामागे गुन्हा आहे असे ठरत नाही. तुलना करायची ती दोन्ही शक्यतांची. एका घरात दोन बाळे नैसर्गिकरीत्या जाणे विरळा आहे, हे खरे. पण आईने आपली दोन तान्ही बाळे एकामागोमाग मारणे हेही तितकेच, किंबहुना त्याहूनही विरळा आहे. दोन बाळे गेलीच आहेत, हे आता घडून गेलेले आहे. तर मग या दोन विरळा गोष्टींपैकी कोणती जास्त संभवते, हा खरा प्रश्न होता. सॅलफर्ड विद्यापीठातील गणितज्ञ रे हिल यांनी तो हिशेब करून पाहिला. दोन नैसर्गिक मृत्यूंची शक्यता दोन खुनांच्या साडेचार ते नऊ पट जास्त निघाली.

ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून ७ कोटी ३० लाखांच्या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नसल्याचे सांगितले. तरी क्लार्क यांची सुटका केवळ त्यामुळे झाली नाही. दुसऱ्या मुलाच्या शरीरात जंतुसंसर्ग दाखवणारे तपासणीचे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी बचाव पक्षापुढे ठेवलेच नव्हते, हे नंतर उघड झाले. जानेवारी २००३ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ त्या तुरुंगात होत्या. या धक्क्यातून त्या सावरल्या नाहीत. मार्च २००७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, अतिमद्यसेवनाने त्यांचा मृत्यू झाला.

मेडो यांचे नाव वैद्यक परिषदेने २००५ मध्ये नोंदवहीतून काढले. पण पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण त्यांनी साक्ष प्रामाणिकपणे दिली होती. या प्रकरणाचा बोध तिथेच आहे. कोणी खोटे बोलले नव्हते. आपल्या विषयातला मोठा डॉक्टर दुसऱ्याच विषयातला आकडा ठामपणे सांगून गेला आणि न्यायाधीश, वकील, ज्यूरी यांपैकी कोणीही त्याला थांबवले नाही.

पाळी कोणाची होती?

नेदरलँड्समध्ये हीच चूक रुग्णालयात घडली. हेगमधील मुलांच्या एका रुग्णालयात २००१ मध्ये एका बाळाचा मृत्यू झाला आणि मागच्या घटनांची यादी काढली गेली. बऱ्याच वेळी लुसिया द बर्क ही परिचारिका कामावर होती, असे दिसले. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा न्यायालयापुढे आला. २००३ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

नंतर संख्याशास्त्रज्ञांनी ती यादीच तपासली. लुसिया कामावर असताना झालेला मृत्यू संशयास्पद ठरवला गेला होता आणि त्या नसताना झालेला तसाच मृत्यू नैसर्गिक. म्हणजे आधी माणूस ठरला, मग गुन्हे मोजले गेले. ज्या बाळाला औषधाचा विषारी डोस दिल्याचे म्हटले होते, त्याचाही मृत्यू नैसर्गिक असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. २०१० च्या एप्रिलमध्ये त्या निर्दोष सुटल्या. तोवर तुरुंगात असताना त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

एका अक्षराचा बदल

पुन्हा ऑस्ट्रेलियाकडे. फॉलबिग प्रकरणात आकडेमोड करून कोणी शक्यता सांगितली नव्हती. पण चार मृत्यू हा योगायोग असूच शकत नाही, हा विचार त्याच जातीचा होता. योगायोगाखेरीज तिसरे काही असेल, म्हणजे चारही मुलांना आईवडिलांकडून मिळालेला एखादा आजार असेल, तर काय? २००३ मध्ये ही शंका तपासण्याचे साधन जवळपास नव्हते. मानवी जनुकसंचाचे वाचन त्याच वर्षी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले होते आणि एका माणसाचा संपूर्ण जनुकसंच वाचणे तेव्हा कुठल्याच न्यायालयाच्या आवाक्यातले काम नव्हते.

२०१८ मध्ये ते शक्य झाले. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रा. कॅरोला विन्युएसा या प्रतिकारशक्ती आणि जनुकांच्या अभ्यासक. त्यांच्या पथकाने तुरुंगातील फॉलबिग यांच्या डीएनएचा नमुना मिळवून त्यांचा जनुकसंच वाचला. हृदयाशी संबंधित जनुके तपासताना कॅल्म-२ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल दिसला. पुढे मुलांचे जपून ठेवलेले जुने नमुने तपासले, तेव्हा तोच बदल दोन्ही मुलींमध्येही आढळला. तो आईकडून आला होता.

कॅल्म-२ हे जनुक कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन बनवण्याची सूचना देते. हृदयाचा प्रत्येक ठोका पेशींत कॅल्शिअम आत येण्यावर आणि बाहेर जाण्यावर चालतो. कॅल्शिअमची ही ये-जा वेळच्या वेळी सुरू आणि बंद करण्याच्या कामात कॅल्मोड्युलिनचा मोठा वाटा असतो. हे प्रथिन इतके महत्त्वाचे आहे, की माणसापासून कोंबडीपर्यंत सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत ते तंतोतंत सारखे असते. उत्क्रांतीने त्यात ढवळाढवळ खपवून घेतलेली नाही. सुमारे दीडशे दुव्यांच्या या साखळीत ११४ व्या जागी ग्लायसिन हवे. फॉलबिग आणि त्यांच्या मुलींमध्ये तिथे आर्जिनिन होते.

अशा बदलामुळे हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. बऱ्याचदा ताप, संसर्ग किंवा ताण हे निमित्त ठरते. कॅल्मोड्युलिनच्या आजारांची जी आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यात २०१९ मध्ये जगभरातील मिळून फक्त ७४ जणांची नोंद होती. त्यांत अमेरिकेतील एक कुटुंब होते. त्याच गटातल्या दुसऱ्या जनुकात, त्याच ११४ व्या जागी बदल असलेल्या तिथल्या दोन भावंडांची हृदये अचानक थांबली होती. त्यातले एक दगावले.

डेन्मार्कमधील प्रयोगशाळेत हा बदललेला कॅल्मोड्युलिन तयार करून तपासला गेला, तेव्हा तो कॅल्शिअम नीट पकडत नसल्याचे दिसले. ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, इटली आणि इतर देशांतील २७ शास्त्रज्ञांचा हा निबंध नोव्हेंबर २०२० मध्ये हृदयरोगविषयक ‘युरोपेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन्ही मुलग्यांमध्ये वेगळ्याच जनुकातले बदल आढळले. त्या जनुकातील बिघाडाने उंदरांना लहान वयात जीवघेणी आकडी येते, असे आधीच माहीत होते.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. या शोधाने मुले कशाने गेली हे शंभर टक्के सिद्ध झाले, असे शास्त्रज्ञांनीही म्हटलेले नाही. तोच बदल अंगात असून आई स्वतः जिवंत कशी, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला होता. त्याचे उत्तर असे, की एकच जनुकीय बदल एकाच घरातील दोघांत वेगवेगळ्या तीव्रतेने दिसू शकतो आणि हे अनेक आजारांत आढळते. पण फौजदारी न्यायात आरोपीला आपले निरपराधित्व सिद्ध करावे लागत नाही. वाजवी संशय उभा राहिला तर तो सुटला पाहिजे. चार मृत्यूंना नैसर्गिक कारण असूच शकत नाही, हा खटल्याचा पायाच आता उरला नव्हता.

मग पाच वर्षे का लागली?

बदल २०१८ मध्ये सापडला. सुटका २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात जे घडले, त्यात न्यायव्यवस्थेची खरी दुखणी दिसतात.

२०१९ मध्ये एका निवृत्त न्यायाधीशांच्या चौकशीसमोर हा पुरावा मांडला गेला. दोन गटांतील तज्ज्ञांची मते वेगळी पडली. न्यायाधीशांनी रोजनिशीवर भर देऊन शिक्षा योग्यच असल्याचा निष्कर्ष काढला. मार्च २०२१ मध्ये या निष्कर्षाला दिलेले आव्हानही न्यायालयाने फेटाळले. त्याच महिन्यात ९० शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी राज्यपालांकडे माफीचा अर्ज दिला. त्यावर पीटर डोहर्टी आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न या दोन नोबेल विजेत्यांच्या सह्या होत्या. सरकारने दुसरी चौकशी नेमली ती २०२२ मध्ये.

माजी मुख्य न्यायाधीश टॉम बॅथर्स्ट यांच्या या दुसऱ्या चौकशीत एक मोठा फरक होता. ऑस्ट्रेलियन अकॅडमी ऑफ सायन्स ही देशातील विज्ञान संस्था स्वतंत्र सल्लागार म्हणून सोबत होती. कोणत्या विषयावर कोणाला विचारायचे, त्या विषयात आज किती माहिती आहे, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांवर सोडलेले नव्हते. तीन मुले नैसर्गिक कारणाने गेली असण्याची वाजवी शक्यता आहे, रोजनिशीत कबुली नाही, असे बॅथर्स्ट यांना आढळले. तिघांच्या मृत्यूंचा आधार गेल्यावर पहिल्या मुलाच्या बाबतीतला आरोपही आपोआप कोसळला.

न्यायालयाचा निकाल अंतिम असावा लागतो. रोज नवा अर्ज आला तर कुठलाच वाद मिटणार नाही. विज्ञानात मात्र अंतिम काहीच नसते. कालचे मत आज बदलते आणि बदलले नाही तर ते विज्ञानच नव्हे. न्यायालय एखाद्या वर्षीच्या विज्ञानावर शिक्का मारते, विज्ञान पुढे निघून जाते आणि माणूस त्या वर्षातच अडकून पडतो. काही देशांनी यावर वाट काढली आहे. ब्रिटनमध्ये १९९७ पासून एक स्वतंत्र आयोग शंकास्पद निकाल तपासून ते पुन्हा अपिलाकडे पाठवतो. न्यूझीलंडने २०२० मध्ये तसाच आयोग नेमला. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०१३ मध्ये कायदा केला, की ज्या शास्त्रीय मतावर शिक्षा झाली तेच मत पुढे खोटे ठरले, तर कैद्याला पुन्हा न्यायालयात दाद मागता येते.

एका आजीची साक्ष

ब्रिटनमधल्या या खटल्यांच्या मालिकेत भारतातली एक साक्ष मोलाची ठरली. भारतीय वंशाच्या एका औषधतज्ज्ञ महिलेवर आपली तीन तान्ही बाळे मारल्याचा आरोप होता. २००३ मध्ये रेडिंगच्या न्यायालयात खटला उभा राहिला. तिची आजी भारतातून तिथे गेली आणि दुभाष्यामार्फत तिने सांगितले, की आपल्याला बारा मुले झाली आणि त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. घराण्यातच काहीतरी असावे, ही शक्यता ज्यूरीसमोर आली. ती महिला निर्दोष सुटली. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एका आईची शिक्षा रद्द करताना इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तत्त्व घालून दिले. बाळे कशाने गेली यावर नामवंत तज्ज्ञांतच मतभेद असतील आणि दुसरा ठोस पुरावा नसेल, तर असा खटला चालवणे सहसा योग्य नाही.

आपल्याकडे हा विषय परका नाही. घराच्या चार भिंतींत मृत्यू झाला, तर काय घडले याचा खुलासा घरातल्यांनी करायला हवा, असे २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. हुंडाबळीसारख्या गुन्ह्यांत ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्या मृत्यूचे कारण शवविच्छेदनालाही सापडत नाही, त्याचा खुलासा आईने कुठून आणायचा? मऊ वस्तूने गुदमरवलेले बाळ आणि झोपेत अचानक गेलेले बाळ यांच्यात शवविच्छेदनात सहसा फरक दिसत नाही. आईचे वागणे, तिचे न रडणे, शेजाऱ्यांची कुजबुज हीच मग पुराव्याची जागा घेऊ लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. हे पाऊल चांगलेच आहे. पण त्यामुळे न्यायालयांत तज्ज्ञांची मते वाढतील, आणि मत देणाऱ्याला ते किती खात्रीचे आहे हे विचारण्याची तयारीही वाढावी लागेल. चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाई देण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात केली आहे.

घरातल्यांनी काय करावे?

बाळ अचानक जाण्याच्या घटना कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय जगभर सिद्ध झालेला आहे. बाळाला नेहमी उताणे झोपवावे, पालथे नाही. गादी सपाट आणि कडक असावी, तोंडाजवळ मऊ उशा-दुलया नसाव्यात आणि घरात कोणी धूम्रपान करू नये. ब्रिटनमध्ये १९९१ पासून ही मोहीम राबवल्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

दुसरी गोष्ट घराण्याच्या इतिहासाची. धडधाकट मूल किंवा तरुण झोपेत, खेळताना, पोहताना अचानक गेला असेल, घरात वारंवार चक्कर येऊन पडणारे कोणी असेल किंवा एकाहून जास्त बाळे दगावली असतील, तर ही माहिती लपवू नये, डॉक्टरांना सांगावी. आईवडील आणि भावंडांचा ईसीजी काढून घ्यावा. गरज वाटली तर हृदयरोगतज्ज्ञ जनुकीय तपासणीचा सल्ला देतात. असा मृत्यू झालाच, तर डीएनए तपासणीसाठी रक्ताचा किंवा ऊतीचा नमुना जपून ठेवता येईल का, हे शवविच्छेदनाच्या वेळीच विचारावे. फॉलबिग यांच्या मुलांचे नमुने जपलेले नसते, तर त्या आजही तुरुंगात असत्या. हा नमुना न्यायालयापेक्षाही पाठच्या भावंडांसाठी जास्त महत्त्वाचा असतो, कारण अशा हृदयविकारांवर औषधे आणि उपचार आहेत.

आणि शवविच्छेदनाच्या अहवालात ‘कारण अनिश्चित’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा. डॉक्टरांना आज कारण सापडलेले नाही, इतकेच ते शब्द सांगतात. आईने काय केले, हे त्यात लिहिलेले नसते.